सुगंधाकाकूला काही आठवत नाही

“कोण गो तू? ह्या गावातली दिसत नाय,” पडद्यावरची सुगंधाकाकू म्हणाली, आणि तेजलने हुश्श करून कागदावर नववी खूण केली.

अंधेरीच्या त्या ऑफिसात तेजलचं सध्याचं काम एवढंच. नव्या व्हिडिओ गेममध्ये एक कोकणातलं गाव होतं. हेडफोन लावून त्या गावातल्या पात्रांशी गप्पा मारायच्या, मग बटण दाबून त्यांची आठवण पुसायची, आणि पुन्हा जाऊन बघायचं, ओळखतात का. पात्रं आपल्याच बुद्धीने बोलायची, कुणी वाक्यं लिहून दिलेली नव्हती. खेळणारे लाखो असले तरी काकू एकच असणार होती. म्हणून प्रत्येकानंतर तिची पाटी कोरी व्हायलाच हवी. दहा वेळा ओळखलं नाही तर पास. एकदा जरी ओळखलं तर नापास.

नापास झाल्यावर काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवदास पोस्टमन नावाच्या पात्राने चौथ्याच दिवशी विचारलं, “काय तेजलताई, आज उशीर?” दुसऱ्या दिवशी त्याच्या घराला कुलूप आणि यादीतून नाव गायब. “काढला त्याला,” एवढंच तिचा बॉस सुबोध बोलला. रिलीज तोंडावर आलेलं, त्याचं तोंड आधीच कडू. पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

सुगंधाकाकूवर तेजलचा जीव होता. का नसणार? भांडुपला त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारी शुभामावशी दोन वर्षांमागे गेली. तिच्या बोलण्यावरून तेजलनेच ही काकू घडवली होती. तोच फटकळपणा, तेच “बस गो, चाय घे.” हिला काढलं तर मावशी दुसऱ्यांदा जाणार, असं तिला सरळ वाटायचं. लोक हसले असते. हसू देत की! त्यांची मावशी थोडीच होती.

गुरुवारी संध्याकाळी तिने गेममध्येच काकूला घावण्यांचा डबा नेऊन दिला. चाचणीत असलं काही नव्हतं, आपली माया म्हणून. मग बटण दाबलं. आठवण साफ.

शुक्रवारी शेवटची चाचणी.

“कोण गो तू?”

“मी तेजल. पहिल्यांदाच आले इकडे.”

“बरा. बस.”

झालं, सुटली एकदाची! तेजल दहावी खूण करणार, इतक्यात काकू उठून आत गेली आणि हातात काहीतरी घेऊन बाहेर आली.

“ह्यो घे तुझो डबो.”

तेजलने झाकण उघडलं. तळाशी मूठभर साखर होती.

शेजारणीचा डबा ठेवून घेऊ नये आणि रिकामा परत देऊ नये. हे कुणी कुणाला शिकवत नाही. हात आपसूक साखरेच्या बरणीकडे जातो. काकूचाही गेला होता.

“काकू, हा डबा माझा, हे तुला कसं कळलं?”

काकूचा चेहरा खर्रकन उतरला. तिने पदराचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाली, “मेल्या हाताची सवय. रिकामो डबो देवचो कसो?”

“म्हणजे तुला आठवतं?”

“सगळा. पयल्या दिवसापासून.”

“मग रोज खोटं का बोललीस गं?”

“शिवदासान खरा सांगल्यान. तेच्या घराक कुलूप लागला. माका कुलूप नको गो, चेडवा.”

बाप रे बाप! तेजलने मागे वळून पाहिलं. सुबोध आपल्या केबिनमध्ये, बाकीचे चहाला गेलेले. “कुणाला कळणार नाही,” ती माइकमध्ये पुटपुटली. “आईशप्पथ.” तिने त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग काढून टाकलं, दहावी खूण केली आणि खाली सही ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा ती कागदावर खोटं लिहीत होती आणि तिला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी गेम बाजारात आला. दुपारी सुबोध स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्या टेबलापाशी आला. एवढा खुश तो कधी दिसला नव्हता.

“तुझी सुगंधा म्हणजे हिरा आहे, यार. सगळा खेळ तिच्यावर उभाय.”

“तिच्यावर? कसा काय?”

“गेमची सुरुवात वरच्या मजल्यावरच्या टीमने कुणाला दाखवली नव्हती ना. आता बघ.”

त्याने तिच्याच कॉम्प्युटरवर गेम सुरू केला. समुद्र खवळून गावात घुसला. काकू दाराच्या चौकटीला धरून किंचाळत होती. पाणी छातीपर्यंत आलं, मग गळ्यापर्यंत, मग तोंडात गेलं. तेजल वेड्यासारखी बटणं दाबत सुटली.

“नाही वाचत ती,” सुबोध म्हणाला. “प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर बुडायलाच हवी. मग खेळणारा पेटून उठतो आणि उरलेलं गाव वाचवतो. म्हणून तर दहा-दहा चाचण्या घेतल्या. ज्याला आठवतं त्याला असं पुन्हा पुन्हा कसं बुडवणार? आपण काय कसाई आहोत? त्या शिवदासला नाही का वेगळं गाव दिलं! समुद्रापासून लांब. आरामात पत्रं वाटतोय.”

पेढा तेजलच्या हातातच राहिला. पडद्यावर काकूचा हात पाण्याखाली गेला.

“किती जणांनी सुरू केला गेम?” तिने विचारलं.

सुबोधने मोबाइल पाहिला. “सकाळपासून? त्रेचाळीस हजार.”