चार व्हीलकॅप

"नाही देणार," आई म्हणाली आणि बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरच्या सीटवर फतकल मारून बसली. "न्यायचाच असेल तर माझ्यासकट न्या."

मुलानं कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवस घरात हेच चाललं होतं.

ट्रॅक्टर केवढा, तर माणसाच्या कमरेएवढा. वय मात्र आईच्या संसाराएवढं. नवरा गेल्यावर तिनं त्याच्यावर बसून गल्लीतल्या सगळ्यांच्या बागा नांगरल्या, गवत कापलं आणि एकटीनं पोराला वाढवलं. गल्ली तिला ट्रॅक्टरवालीच म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं. पण आता बाहत्तरी उलटली होती. गेल्या महिन्यात ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं आणि शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं.

"पाय गेला असता तुझा!" मुलगा ओरडला.

"माझा पाय, माझं मी बघीन. आणि फाटकाचं काय सांगतोस, ते आधीच कुजलं होतं."

"आई, दोन वर्षांत हे एकच गिऱ्हाईक आलंय. जुन्या गाड्यांचा शौकीन आहे, रविवारी न्यायला येतोय. त्यानं नाही नेला ना, तर मी जन्मात पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. मग पाडत बस गल्लीतली सगळी फाटकं!"

"सूनबाई, ऐकलंस ना हा काय म्हणाला ते?"

"ऐकलं," स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला. "दोघांचंही ऐकतेय, तीन दिवस."

"तरीही देणार नाही," आई म्हणाली.

हे झालं सोमवारी. मंगळवारी संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि शेडच्या दारातच थबकला. आई जमिनीवर पोतं टाकून बसली होती. चारही चाकांच्या व्हीलकॅप, म्हणजे मधली गोल झाकणं, काढून तिनं समोर मांडल्या होत्या. एके काळी त्यांच्यात तोंड बघावं इतकं क्रोम चमकायचं. आता सगळ्यांवर तांबूस गंजाचे पापुद्रे होते.

"हे काय मांडलंयस?"

"गंज काढतेय. माझ्या दारातून हा असा कळकट जाणार नाही. लोक म्हणतील, एवढी वर्षं वापरला आणि बाईला साधी चाकं पुसता आली नाहीत."

मुलाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आईनं मनावर दगड ठेवला होता तर! त्याला बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

"जमेल का तुला?"

"तुझं ढुंगण धुतलंय मी. हे काय अवघड आहे?"

सुनेनं डबे गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणून दिली. आईनं तिचे बोळे केले, पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं आणि घासायला बसली. काळं पाणी निघायचं, ते फडक्यानं टिपायचं, पुन्हा बोळा. बुधवारभर एकच व्हीलकॅप झाली. बोटं सुजली. सून म्हणाली, "आई, पुरे करा आता." आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि सून मुकाट्यानं दुसरी फॉइल घेऊन आली.

घासता घासता आईला व्हरांड्यातली खुर्ची दिसत राहायची. मुलानं मोठ्या हौसेनं तिच्यासाठी आणलेली, मऊ उशीची. शेजारी गोळ्यांचा डबा. त्या खुर्चीत एकदा बसलो की आपण संपलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो विचार आला की राग यायचा, आणि राग आला की हात आणखी जोरात चालायचा.

गुरुवारी तिनं बारीक पॉलिश पेपर ओला करून घेतला, कारण गंजाचे खड्डे फॉइलला दाद देत नव्हते.

"आई, मधलं हिरव्या रंगाचं कडंही निघतंय हो," सून म्हणाली.

"निघू दे. अर्धंमुर्धं राहिलेलं काय कामाचं?"

शुक्रवारी मेण चढलं. व्हीलकॅप अशा झळकल्या की मुलाला स्वतःचं टक्कल दिसलं. तो खूष झाला. शनिवारी हौसेनं लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

"आई, एवढं केलंयस तर बॉनेटलाही एक हात मारू का?"

"मार की," आई म्हणाली. "चांगला जाड मार."

रविवारी दहाच्या सुमाराला शौकीन आला. गाडीमागे ट्रॉली जोडलेली. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माणूस जागच्या जागी थिजला. मग वाकून त्यानं एका व्हीलकॅपवरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं?"

"आईनं!" मुलगा छाती फुगवून म्हणाला. "आठवडाभर खपली बिचारी. बॉनेट मात्र माझं हं."

"इथे कारखान्यातलं हिरवं कडं होतं," शौकीन पुटपुटला. "आणि गंज... तो गंजच तर मला हवा होता हो! घासूनपुसून रंगवलेले पन्नास मिळतात. कोणाचाही हात न लागलेला एक मिळत नाही." तो उठला आणि हात झटकले. "माफ करा. मी नाही नेणार."

मुलाचा चेहरा उतरला. आई व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून फडकं पिळत होती.

"अहो, पण आम्हाला काय कळतंय त्यातलं!" मुलगा चिडून म्हणाला. "आधी एक शब्द सांगायचा तरी!"

"सांगितलं नाही कसं?" शौकीनही तापला. "मंगळवारी सकाळी फोन केला होता मी. तुमच्या आईंनाच दोनदा बजावलं, की कशालाही फडकंसुद्धा लावू नका, लावलंत तर मी घेणार नाही. त्या तर मला म्हणाल्या, 'बरं झालं बाई सांगितलंत!'"