लख्ख भिंती

स्वयंपाकघराला आग लागल्यापासून विमा कंपनीचा सर्व्हेअर ‘उद्या येतो’ म्हणून झुलवत होता. “तो पाहून जाईपर्यंत काडीही हलवू नका,” दुरुस्तीच्या ठेकेदाराने बजावलं होतं. भरपाईची भिस्त काजळीवरच होती. अखेर सर्व्हेअर आला, तेव्हा सून कामावरून धावतपळत पोहोचली आणि दारातच थिजली. भिंती घासून लख्ख झाल्या होत्या, जळकं कपाट भंगारात गेलं होतं. “परका माणूस घरात यायचा, त्याला अशी अवकळा दाखवायची का?” सासूबाई म्हणाल्या. “आता बसा हरी हरी करत,” तिच्या मागोमाग आलेला ठेकेदार पुटपुटला. सर्व्हेअरने भिंतीवरून बोट फिरवलं. “ताई, नुकसान कुठे आहे?” सुनेने सासूबाईंचे हात धरून त्याच्यापुढे केले. सोलवटलेल्या बोटांत काजळी रुतली होती. “इथे आहे. काढा फोटो.” त्याने उचललेला मोबाईल खिशात ठेवला. “विमा घराचा आहे, ताई.”