धाकट्याची चाल

हत्तीच्या तोंडी गेलेला आपला वजीर रघुवीररावांनी शांतपणे उचलून परत जुन्या घरात ठेवला. समोरचे कानडेकाका चमकले. "अहो, हे काय?"

"धाकट्याला एक चाल मागे घेता येते," रघुवीरराव म्हणाले. सोसायटीच्या गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा ठेवा म्हणून त्यांनीच सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, आणि आता लोकांना साधे नियमही समजावायचे! "घोडा अडीच घरं, उंट तिरका, तसाच हाही नियम."

मांडवात असा हशा पिकला की आरतीचं ताट लावणाऱ्या बायकाही बघायला आल्या.

तणतणत ते तडक थोरल्या बहिणीकडे गेले. पहिलीत असताना बुद्धिबळ तिनेच शिकवलं होतं, आणि आजवर ते फक्त तिच्याशीच खेळले होते. "ताई, खोटा नियम शिकवलास! साठी आली माझी, चारचौघांत शोभा झाली!"

"हरायला लागलास की पट उधळून भोकाड पसरायचास," ताई म्हणाली. "मग मी खेळायचं कोणाशी? बस, मांड पट."

खेळताना ताईचा थरथरता हात चुकला आणि तिचा वजीर त्यांच्या उंटाच्या तावडीत आला. रघुवीररावांना गहिवरून आलं. "ताई, आजपासून थोरल्यांनाही एक चाल मागे घेता येते."

ताईने चाल मागे घेतली, चष्मा सारखा केला आणि दुसऱ्याच चालीत त्यांच्यावर मात केली.

त्यांचा हात सवयीने चाल मागे घ्यायला पुढे झाला. ताईने त्यावर चापट मारली. "अंहं. तो नियम लहान मुलांसाठी होता."