वीस हजार सातशे छत्तिसात एकदा

संचितानं स्टीलच्या डब्यात हात घातला आणि एक काढायच्या ऐवजी तीन चिठ्ठ्या मुठीत धरल्या. खोलीतल्या बारा बायका तिच्याकडे बघत होत्या.

"आज मी काढणार," असं तिनं आल्याआल्याच जाहीर केलेलं. एरवी चिठ्ठी कमळाबाई स्वतःच काढायच्या. कमळाबाई म्हणजे मूळच्या इथल्या कोपर गावच्याच. आत्ता बिल्डिंग आहे तिथे त्यांचं भातशेत होतं. बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी त्या चालवायच्या. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार. जिची चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार, आणि मग ती वर्षभर बाद. सात जणींचं मिळून झालेलं. डब्यात पाच चिठ्ठ्या होत्या.

संचिता ठाण्याच्या कॉलेजात, एस. वाय.ला. पर्सनल फायनान्सच्या सरांनी सांगितलेलं, आपल्या घरातला पैसा नक्की कुठे अडकतो ते शोधून आणा. झालं, पोरीला नादच लागला. दूध, गॅस, केबल, सगळं चाळून झालं आणि गाडी भिशीवर आली. तिची आई नीला गेली चार वर्षं शेवटच्या नंबरला! वर्षभर पैसे भरायचे, डिसेंबरात तेवढेच परत घ्यायचे, व्याज शून्य. बरं, नशीब म्हणावं तर चार वर्षं लागोपाठ? तिनं गणित मांडलं, बाराचा चौथा घात. वीस हजार सातशे छत्तिसात एकदा असं होऊ शकतं. तीनदा करून बघितलं, उत्तर तेच.

म्हणजे आईची चिठ्ठी डब्यात टाकतच नसणार. कमळाबाई आईला सरळ सरळ उल्लू बनवत असणार. आईला विचारून उपयोग नव्हता, "तू अभ्यास कर" एवढंच ती म्हणायची. तेव्हा चोर सगळ्यांसमोर पकडायचा आणि आईला यातून सोडवायचं, असा बेत होता.

"एक मिनिट हां," संचिता म्हणाली. "इथे काहीतरी घोळ आहे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. बिचारी घाबरली, असं संचिताला वाटलं. तिनं पहिली चिठ्ठी उघडली. शुभदा. दुसरी उघडली. शुभदा. तिसरी. अगं बाई, तीही शुभदाच! आणि अक्षर कमळाबाईंचं नव्हतंच. ते आईचं होतं.

शुभदा दारापाशी बसलेली. जानेवारीत भाड्यानं राहायला आलेली, भिशीत नवीन. तिच्या नवऱ्याची घोडबंदर रोडवरची नोकरी जूनमध्ये सुटली होती आणि दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. बायकांनी पैसे पुढे केले तेव्हा तिनं हात जोडून नको म्हटलेलं. हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं.

"कसला घोळ गं?" शुभदानं विचारलं.

बाकीच्या अकरा जणी श्वास धरून बसलेल्या. संचिताचे कान तापले. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काही नाही मावशी, हातात तीन आल्या एकदम," ती म्हणाली. "थांबा, परत काढते."

तिनं चिठ्ठ्यांच्या पुन्हा घड्या घातल्या, डबा चांगला गदागदा हलवला, डोळे घट्ट मिटले आणि एक काढली.

"शुभदामावशी!"

शुभदा आधी हसली, मग तिनं ओढणी डोळ्यांना लावली. "माझं? अगं, माझं तर साधं दुकानातल्या लकी ड्रॉमध्येसुद्धा कधी नाव निघत नाही."

"निंगला ना आता? मंग घे," म्हणत कमळाबाईंनी नोटा तिच्या हातात कोंबल्या.

जिन्यात संचितानं आईला गाठलं.

"आई, हा फ्रॉड आहे."

"आहे ना."

"दर महिन्याला?"

"छे गं. जुन्या जणी तोंडानं सांगतात, मला या महिन्यात हवेत. मला घाई नसते, म्हणून मी शेवटी. नवीन बाई सांगत नाही. तिच्यासाठी डबा."

"आणि तिला कळलं तर?"

आई दोन पायऱ्या चढून थांबली.

"पप्पांचं ऑपरेशन होतं ना, त्या वर्षी मी भिशीत नवीन होते आणि माझा पहिला नंबर लागलेला. वर्षभर मी सगळ्यांना सांगत सुटले, माझं नशीब बघा म्हणून. एकीनंही तोंड उघडलं नाही. मग डिसेंबरात कमळाकाकींनी मला एकटीला घरी बोलावलं, हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, 'नीला, पुडच्या वर्सापासून चिठ्ठ्या तू लिव.'"