बावीस वर्षांची खोली

शब्द होता ‘वसाहत’, आणि कोशवाल्या बाईंच्या टेबलावर वहीपुरतीही जागा उरली नव्हती. टेबलावर शिलाई मशीन बसलं होतं. मशीनसमोर नणंद बसली होती. शब्दांच्या कार्डांचे खोके खाली फरशीवर.

बाई खुर्ची गमावून पलंगाच्या कडेवर टेकल्या. एक, दूर मुलखात जाऊन केलेली वस्ती. दोन, परक्या सत्तेने बळकावलेला प्रदेश. तीन, नोकरदारांची एकसारखी घरं. चार, मुंग्या किंवा जंतू यांचा एकत्र वाढणारा समूह. सकाळपासून संपादकांचे दोन फोन झाले होते. “अहो बाई, अर्थ चार, म्हणून दिवसही चार घेणार का?”

त्यांना काय सांगणार? पहिला अर्थ घरातच मुक्कामाला आला होता, आणि त्याचा दुसरा अर्थ व्हायला लागला होता.

नणंदेला अडतिसाव्या वर्षीही सगळे बेबीच म्हणत. नवऱ्याशी बिनसलं म्हणून ती एक बॅग घेऊन आली, ‘आठच दिवस’ म्हणाली, त्याला तीन महिने झाले. आधी दारामागे तिचा टॉवेल लागला. मग खिडकीत बाटल्या आल्या. मग कपाटाचा खालचा कप्पा गेला, मग वरचा. बाईंचे यजमान रोज तेच सांगत, “जरा दमानं घे गं.” बाईंनी तीन महिने दमानंच घेतलं. आता दम संपला होता.

“बेबी, मशीन उचल. आणि उद्यापासून बाहेरच्या खोलीत झोप. बावीस वर्षं मी इथे काम करतेय. आल्या माणसाने असं हातपाय पसरू नयेत!”

चाक थांबलं. बेबी रडेल असं बाईंना वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिने वायर गुंडाळली, कापड घडी केलं, मशीन पोटाशी धरून उचललं. दारात मात्र वळली.

“तुम्ही लग्न होऊन आलात ना वहिनी, त्या दिवशी आईने माझी गादी इथून अश्शीच उचलली. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा सगळा अभ्यास मी जिन्यात बसून केला. तुम्ही मला ओलांडून वर-खाली करायचात, आणि रोज म्हणायचात, ‘किती गुणी पोर गं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.’”