पॉम्पॉनचं मरण

झेलीच्या गाढवाने, पॉम्पॉनने, सिनेमात काम केलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये फादरनी लावलेला तो सिनेमा बघायला अख्खं गाव लोटलं. शेवटी पडद्यावर पॉम्पॉन मेला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने शेजारीण उर्सुल रडली.

"परवाच बंदूक घेऊन धावली होतीस ना त्याच्यामागे?" झेलीने टोमणा मारला.

"माझा कोबी खाल्ला होता मेल्यानं! पण तू बाकी दगडच बाई, डोळ्यांत टिपूस नाही!"

झेली हसत बाहेर आली. पॉम्पॉनला बांधलं होतं त्या झाडाला नुसता दोर लोंबत होता. कुंपणापलीकडे उर्सुलच्या परसातून कराकरा चावल्याचा आवाज येत होता, आणि पोट भरेपर्यंत पॉम्पॉन जागचा हलणाऱ्यातला नव्हता.

ती तशीच परत हॉलमध्ये धावली आणि रुमालात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली, "फादर, पुन्हा पहिल्यापासून दाखवा ना! माझं रडायचं राहूनच गेलं."