व्हायलेटचा कागद

"आधी हात धुऊन ये," व्हायलेट अंथरुणातून म्हणाली. "तसल्या हातांनी शिवू नकोस त्या कागदाला."

प्राइमस निमूटपणे हात धुऊन आला. तीन वर्षं इंग्रज राजाच्या फौजेशी लढून तो आदल्या दिवशीच परतला होता. उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली होती. आईला मात्र त्या हातावरची धूळ आधी दिसली.

त्यांचं घर म्हणजे पेनहॅलो मालकांच्या स्वयंपाकघरामागची खोली. जोसाया पेनहॅलो हे स्टोनब्रुकमधलं मोठं प्रस्थ. गावाच्या स्वातंत्र्य समितीचे अध्यक्ष. त्यांचं भाषण ऐकलं की म्हातारेसुद्धा घरी जाऊन बंदुका पुसायला बसायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले तेव्हा चर्चची घंटा तासभर वाजत होती आणि व्हायलेट रडली होती. उगाच खोटं कशाला बोला, मनापासून रडली होती.

राजाविरुद्धच्या फौजेच्या भरतीत मालकांच्या मुलाचं, एलिशाचं, नाव निघालं तेव्हा त्याच्या जागी प्राइमसला पाठवायचं ठरलं. बड्या घरांत तसा रिवाजच होता. जिवंत परतला तर हा गुलाम स्वतंत्र, असं मालकांनी चुलीसमोर उभं राहून सांगितलं.

"तोंडी नको, मालक. कागद द्या," व्हायलेट म्हणाली होती. बावीस वर्षांच्या चाकरीत तिने काही मागायची ती पहिलीच वेळ.

ते दिवस धांदलीचे होते. गावाने केलेला ठराव शेजारच्या बारा गावांना धाडायचा होता आणि मालक स्वतः बसून त्याच्या प्रती काढत होते. त्या दिवशी ते सगळ्यांवरच खेकसत होते. एलिशावर, बूट मळवले म्हणून. टपाल नेणाऱ्या घोडेस्वारावर, साध्या प्रती मोजता येत नाहीत म्हणून. व्हायलेटशी मात्र सौम्यपणे बोलले. आत गेले आणि चुलीवरचं दूध उतू जायच्या आत कागद घेऊन आले. चौघडी घातलेला, वर लाल लाखेचा शिक्का.

"ही लाख प्राइमसनेच फोडायची, परत आल्यावर," ते म्हणाले. "मधे कुणी फोडली तर कागद रद्द."

तीन वर्षं तो कागद मक्याच्या पिठाच्या पिंपात तळाशी होता. पीठ संपत आलं की व्हायलेट आधी कागद काढायची, मग पिंप भरायची, मग कागद पुन्हा तळाशी. पाद्रीबाबांनी वाचून दाखवतो म्हटलं तरी तिने दिला नव्हता.

आता तिचं काही खरं नव्हतं. ताप छातीत उतरला होता. आणि एलिशाने कालच सांगितलं होतं, "बाबा मला यातलं काही बोलले नव्हते, प्राइमस. कागद असेल तर न्यायाधीशांकडे नेऊ. नसेल तर मी तरी काय करणार?" माणूस वाईट नव्हता तो.

"छावणीत वाचायला शिकलास म्हणतोस ना?" व्हायलेट म्हणाली. "वाच मग. मला ऐकून जाऊ दे."

"वाचतो गं, पण अडखळत. लंगड्या मास्तरने ढोलावर कोळशाने अक्षरं काढून शिकवलंय."

"मला कुठं घाई आहे?"

त्याने लाख फोडली. कागद खिडकीच्या उजेडात धरला. एकेका ओळीवरून बोट फिरवत तो शेवटपर्यंत गेला. त्याचे ओठ हलत होते.

"काय झालं?"

"काही नाही. मालकांचं अक्षर बारीक आहे." त्याने कागद आणखी जवळ धरला. "मी, जोसाया पेनहॅलो, माझा गुलाम प्राइमस, व्हायलेटचा मुलगा, यास आजपासून कायमचा मुक्त करीत आहे. त्याच्यावर माझा वा माझ्या वारसांचा हक्क राहणार नाही. खाली सही."

व्हायलेट छताकडे बघत होती. "माझं नाव आहे त्यात?"

"आहे की. व्हायलेटचा मुलगा, असं लिहिलंय."

"कुठं अडखळलास रे तू? चांगला मास्तर झालायस." ती हसली आणि खोकली. "अजून एकदा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. "...प्राइमस आणि त्याची पुढे होणारी मुलंबाळं..."

"मघाशी मुलंबाळं नव्हती."

"ओळ सुटली होती, आई."

"मुलंबाळंसुद्धा," ती म्हणाली. तिने त्याचा तीन बोटांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. "देव भलं करो मालकांचं."

संध्याकाळच्या आत ती गेली. प्राइमसला खूप वेळ तिच्या हातातून हात सोडवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला टेकडीमागे पुरलं. एलिशा स्वतः टोपी काढून उभा राहिला, हेही कुणी करत नाही. परतताना अंगणात तो म्हणाला, "चल, तुझं ते काम उरकून टाकू. कुठाय कागद?"

"राहू दे, धाकटे मालक."

"अरे, दाखव तर."

प्राइमसने सदऱ्यातून कागद काढला. एलिशाने तो उलगडला आणि वडिलांसारख्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'आम्ही स्टोनब्रुकचे रहिवासी जाहीर करतो की ईश्वराने सर्व माणसांना स्वतंत्र जन्माला घातले असून कोणीही माणूस दुसऱ्या माणसाचा धनी नाही.'" तो थांबला. त्याने सही पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांचा ठराव. हीच ती हरवलेली बारावी प्रत. त्या घोडेस्वाराला उगाच बोलणी बसली." त्याने कागद जपून घडी करून खिशात ठेवला. "बरं झालं, जपून ठेवलीस. जा आता, घोड्यांना पाणी दाखव."